तिसऱ्या मजल्यावरचं उजवीकडचं घर

टकटकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण ऑफिसात, घरमालकांत आणि जुन्या भाडेकरूंत ते याच नावाने ओळखले जायचे. घराची पाहणी करताना ते खालची आणि भिंतीवरची एकेक फरशी बोटाच्या पेराने वाजवून बघत. टक, टक. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की थांबून वहीत नोंद. त्या बोटाला चांगला घट्टा पडला होता.

घरं भाड्याने लावून देणाऱ्या त्या ऑफिसात मी टाइपिंग करायचे. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागूनच. भाडेकरू घर सोडून गेला की त्यांनी एकदा जायचं, आणि नवा भाडेकरू सामान आत आणण्याआधी पुन्हा जायचं, असं त्यांचं काम. कुठल्या खोलीत काय आहे, कसं आहे, काय मोडलंय ते वहीत लिहायचं, फोटो काढायचे, भाडेकरूला दाखवून सही घ्यायची. मग ती वही माझ्याकडे यायची. "बैठकीची खोली. खिडक्या दोन. एकीची कडी सैल. दुसरी ठीक." अशा शेकडो खोल्या मी न बघता टाइप केल्या आहेत.

या कामाआधी ते कागदाच्या कारखान्यात बावीस वर्षं स्टोअरकीपर होते. कारखाना बंद पडला तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते, आणि मोजणं, तपासणं, लिहिणं याशिवाय दुसरं काही येत नाही असं त्यांनीच आमच्या साहेबांना मुलाखतीत सांगितलं होतं. साहेबांनी त्यांना लगेच घेतलं. एकदा मी यादीत "जुनाट पंखा" असं टाइप केलं, तर ते तीन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "ताई, जुनाट हे तुमचं मत झालं. पंखा फिरतो की नाही, आवाज करतो की नाही, एवढंच आपलं काम."

त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. अकरा वर्षांत त्यांच्या यादीवर एकाही माणसाने हरकत घेतली नव्हती. ते स्वतःहून हे कुणाला सांगायचे नाहीत, पण साहेबांनी कुणासमोर सांगितलं की चष्मा काढून पुसायला लागायचे.

ज्या दिवसाबद्दल मी सांगतेय, त्या दिवशी ते दहा वाजता एक घर ताब्यात द्यायला गेले होते. तिसरा मजला, उजवीकडचं दार. तिथे सात वर्षं एक नर्स राहत होती. ती सोडून गेली तेव्हा, म्हणजे आठच दिवसांपूर्वी, टकटकरावांनी घराची यादी केली होती आणि मी ती टाइप केली होती. आता तिथे चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एक बाई आणि त्यांच्या सासूबाई राहायला येणार होत्या. सामानाचा टेम्पो खाली उभा होता. टकटकरावांचा नियम पक्का होता: यादीवर सही झाल्याशिवाय एक पिशवीसुद्धा आत येणार नाही. साधारण तासाभराचं काम. अकरा, सव्वाअकराला ते ऑफिसात परत यायला हवे होते.

ते आले दोन वाजता. खुर्चीवर बसले, वही टेबलावर ठेवली, ती सरळ केली, परत सरळ केली. डबा काढलाच नाही. मग मला म्हणाले, "ताई, तुम्ही कुठल्या हाताने लिहिता?"

मी म्हटलं, "उजव्या. का हो?"

"तो हात जरा वर करा."

मी केला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे, आणि मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणजे तेही बरोबर आहे."

हळूहळू त्यांनी काय झालं ते सांगितलं.

दार उघडून आत गेल्यावर त्यांनी यादी हातात धरली आणि नेहमीप्रमाणे पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं, "आत शिरल्यावर उजव्या हाताला स्वयंपाकघर." नव्या भाडेकरू बाई डावीकडे बघत उभ्या होत्या. स्वयंपाकघर डावीकडे होतं.

त्यांना वाटलं, लिहिताना चूक झाली असेल. त्यांनी पेन्सिलने दुरुस्ती केली आणि पुढे गेले. यादीत लिहिलं होतं, नळ बंद केल्यावरही थेंब थेंब गळतो. त्यांनी नळ सोडला, बंद केला, खाली तळहात धरून मिनिटभर उभे राहिले. हात कोरडाच. त्यांनी पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला.

"चांगला आहे की," सासूबाई म्हणाल्या. टेम्पोतून वर आणलेलं एक स्टूल त्यांनी दारातच ठेवलं होतं आणि त्यावर त्या बसल्या होत्या. सामान आत आणायचं नाही एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. दारात बसायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.

"आजी, हा गळत होता," टकटकराव म्हणाले.

"मग बरंच झालं ना, थांबला तर."

न्हाणीघरात मात्र त्यांचं डोकं चालेनासं झालं. यादीत स्पष्ट होतं: "समोरची भिंत, खालून तिसरी ओळ, एका फरशीला आडवा तडा, वीतभर." त्यांनी तिसरी ओळ पाहिली. मग चौथी, मग दुसरी. टक, टक, सगळी भिंत वाजवली. सगळ्या फरश्या अखंड. त्यांनी फोन काढून फोटो उघडला. फोटोत तडा होता. खाली त्यांचं स्वतःचं पेन आडवं धरलेलं होतं, लांबी कळावी म्हणून ते नेहमी धरतात तसं. पेन ओळखीचं, बोट ओळखीचं, तडा ओळखीचा, आणि समोर भिंत कोरी.

"फरशी बदलली असेल," नव्या भाडेकरू बाई म्हणाल्या. दुकानात दिवसभर लोकांच्या नजरा तपासणाऱ्या त्या बाई. त्यांनी वाकून नीट बघितलं. "पण सांध्यातलं सिमेंट तर सगळीकडे सारखंच जुनं दिसतंय. एकच फरशी बदलली असती तर कळलं असतं."

टकटकरावांनी घरमालकाला तिथूनच फोन लावला. घरमालक म्हणाला, मी काही केलेलं नाही, माझा माणूस तिकडे फिरकलेलासुद्धा नाही.

शेवटी त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदाच आपला नियम मोडला. सही न घेता सामान आणायला सांगितलं. "उद्या येतो," म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, "उद्या काय बदलणार आहे हो?" ते वही मिटून बाहेर पडले. नंतर ते जिन्यात बसून राहिले. किती वेळ, ते त्यांनाही सांगता येईना. टेम्पोवाले त्यांच्या दोन्ही बाजूंनी कपाट वर नेत होते म्हणे.

हे सगळं ऐकून मी म्हटलं, "अहो काका, होतं असं एखाद्या वेळी."

"मला होत नाही," ते म्हणाले. ते रागावून बोलले नव्हते, घाबरून बोलले होते.

मग त्यांनी आपल्या मोठ्या भावाबद्दल सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. दादा टपाल खात्यात पत्रांची वाटणी करायचे. सगळे रस्ते तोंडपाठ. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी ते स्वतःच्या फाटकासमोर उभे राहून शेजाऱ्याला विचारत होते की हा पत्ता कुठे येतो. "त्याचीही सुरुवात डाव्या-उजव्यापासून झाली," टकटकराव म्हणाले. "चप्पल उलटी घालायचा. आम्ही हसायचो."

त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि लिहायला लागले. मी विचारलं, काय लिहिताय. म्हणाले, "माझ्या घराची यादी. न बघता." अर्ध्या तासात त्यांनी आपल्या बैठकीच्या खोलीची तेवीस कलमं लिहून काढली, आणि मग घरी फोन लावून आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, म्हणाले, "मी वाचतो, तू एकेक बघून सांग."

फोनमधला वहिनींचा आवाज मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता. "हो. हो. आहे. अहो, आहे. घरातच राहते मी, मला माहीत आहे खुर्च्या किती." सोळाव्या कलमाला त्या थांबल्या. "घड्याळ? दाराच्या वर? ते काढून दोन वर्षं झाली. खिळा आहे नुसता."

टकटकरावांनी सोळाव्या कलमाभोवती गोल केला.

"पण रोज सकाळी तुम्ही तिकडे बघता," वहिनी पुढे म्हणाल्या. "मीही बघते. सवय जात नाही. आज काय खुळ भरलंय डोक्यात?"

त्या संध्याकाळी मी घरी जाताना बसमध्ये बसून माझ्या घराची यादी मनात करून बघितली. स्वयंपाकघराच्या खिडकीला गज किती ते मला आठवेना. मी सहा धरले. घरी जाऊन मोजले तर आठ होते. एकवीस वर्षं त्या खिडकीपाशी उभी राहून मी भांडी घासतेय. मग मला माझीच धास्ती वाटायला लागली. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "गज? आपल्या खिडकीला गज आहेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टकटकराव माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "ताई, माझ्याबरोबर येता का? मी काही बोलणार नाही. तुम्ही बघायचं आणि तुम्हीच लिहायचं." मी साहेबांना विचारलं. साहेब नुसते हं म्हणाले. त्यांना वाटलं, मला काम शिकायचंय.

आम्ही पोचलो. जिन्याच्या पायऱ्या नव्या होत्या, कडा अजून पांढऱ्या. तिसऱ्या मजल्यावर दोन दारं, दोन्हींना ताजा रंग. टकटकराव भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि खरंच एक शब्द बोलले नाहीत. मी वही घेऊन फिरले. स्वयंपाकघर डावीकडे. नळ ठीक. न्हाणीघर, समोरची भिंत, तडा नाही. आतली खोली, एक खिडकी, आतल्या बाजूला उघडते. त्यांच्या यादीत ती बाहेरच्या बाजूला उघडत होती. मी जितकं लिहीत गेले तितकं मला कळेनासं होत गेलं. मी हीच यादी आठ दिवसांपूर्वी टाइप केली होती; तो तडा मी माझ्या बोटांनी टाइप केला होता. क्षणभर मलाही वाटलं की भिंत नीट बघितली तर तो दिसेल.

सासूबाई आतल्या खोलीत ट्रंक उघडून बसल्या होत्या. त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "काल एकटे होतात, आज जोडीने आलात. काय हरवलंय ते सांगा तरी."

"तडा," मी म्हटलं.

"तडा हरवला म्हणून शोधणारे पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

चहा होत होता तेवढ्यात दारावर इमारतीचा रखवालदार आला. मध्यम वयाचा, अंगावर रंगाचे डाग. हातात स्क्रू ड्रायव्हर आणि पितळेच्या दोन पाट्या. दारांना रंग देताना नंबरच्या पाट्या काढल्या होत्या, त्या परत बसवायच्या होत्या. "ही पुढच्या जिन्याची," तो एक पाटी उलटी करून बघत म्हणाला, "आणि ही मागच्या जिन्याची. दोन्ही तिसरा मजला, उजवीकडचं दार. माझाच गोंधळ होतो."

टकटकरावांनी पाठ भिंतीपासून सोडवली. "मागचा जिना?"

"हो. त्या दिवशी तुम्ही मागच्याच जिन्याने आला होतात ना साहेब. पुढच्याच्या पायऱ्या उखडलेल्या होत्या. मीच तुम्हाला गल्लीतून फिरवून नेलं." तो आमच्या चेहऱ्याकडे बघून जरा बावरला. "तुम्ही म्हणालात, तिसऱ्या मजल्यावरचं उजवीकडचं रिकामं घर उघड. मी उघडलं."

"ते या घराचं दार नव्हतं?"

"ते कसं असेल? तो जिना पलीकडे. घर तसंच आहे, सगळं उलट बाजूला. तेही दोन महिने रिकामंच आहे. मला वाटलं, तेच बघायचंय तुम्हाला."

टकटकरावांना वाटलं होतं की दोन्ही जिने वर जाऊन एकाच जागी मिळत असतील. बऱ्याच इमारतींत असतात तसे. इथे ते मिळत नव्हते. दारावर पाटी नव्हती, आत सामान नव्हतं, आणि रखवालदाराने दार उघडून दिलं होतं. त्यांनी आत जाऊन जे दिसलं ते लिहिलं होतं.

आम्ही तिघं खाली उतरलो, गल्लीतून फिरलो, मागच्या जिन्याने वर गेलो. रखवालदाराने दार उघडलं. उजव्या हाताला स्वयंपाकघर. नळाखाली पाण्याचा पिवळट डाग, त्यावर थेंब पडत होता. न्हाणीघरात खालून तिसऱ्या ओळीत तडा होता, वीतभर. टकटकराव उकिडवे बसले आणि त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, आता हे हसतील. माझ्या डोक्यावरचं ओझं तर उतरलंच होतं.

एकच गोष्ट जुळली नाही. यादीत होतं, "स्वयंपाकघराच्या दारामागे खुंट्या तीन." या घरात दारामागे खुंट्या नव्हत्या. पुढच्या घरातही नव्हत्या. फोटोही नव्हता. त्या तीन खुंट्या कुठून आल्या ते आजतागायत कळलेलं नाही.

पण तेव्हा त्यांनी खुंट्यांचं काही मनावर घेतलं नाही. ते तसेच उकिडवे बसून होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, तिने सही कशी केली?"

मला आधी कळलंच नाही कुणी.

"नर्सने. या तड्याखाली तिची सही आहे. सात वर्षं राहिली ती तिकडच्या घरात. तिकडे तडा नाही. मग सही कशी केली?"

सगळं सांगायचं तर, ती पाहणीच्या दिवशी हजर नव्हती. तिची ड्यूटी होती, म्हणून आदल्या दिवशीच रखवालदाराकडे किल्ली देऊन गेली होती. दोन दिवसांनी ऑफिसात येऊन तिने माझ्यासमोरच यादी वाचली होती आणि सही केली होती. तिचं घर आमच्या ऑफिसकडे मागाहून आलेलं, त्यामुळे ती राहायला आली तेव्हाची यादी नव्हतीच. घरमालक म्हणाला होता, मी दिलं तेव्हा तडा नव्हता. तिने मान डोलावली होती. आणि साहेबांनी तिच्या कागदावर शेरा मारला होता की भाडेकरूने घराची पुरेशी काळजी घेतली नाही.

टकटकराव त्याच पावली तिच्या दवाखान्यात निघाले. मी म्हटलं, फोन करू. ते म्हणाले, "सही कागदावर घेतली, आता हे फोनवर सांगू?" मीही गेले.

ती जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये भेटली. चाळिशीची, बारीक, केस घट्ट बांधलेले. आम्हाला बघून ती उठूनच उभी राहिली. "अजून काही निघालं का घरात?" तिने विचारलं.

"बसा, सिस्टर," टकटकराव म्हणाले. स्वतः मात्र उभेच राहिले. "तो तडा तुमच्या घरात नाही."

तिला अर्थ लागला नाही. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, जिन्यांसकट. सांगताना दोन वेळा अडखळले. ती ऐकत राहिली. तिचा चमचा ताटलीत तसाच.

"पण फोटो होता," ती म्हणाली.

"दुसऱ्या घराचा."

"मी ऑफिसात फोटो बघितला तेव्हा मला वाटलं, हा कधी गेला? मी तर रोज त्या भिंतीसमोर उभी असायचे. सही करून गेले तरी तीन दिवस मी आठवत होते." ती थांबली. "मग आठवलं. मागच्या वर्षी माझ्या हातून भरलेली बादली निसटली होती आणि भिंतीवर आपटली होती. तेव्हाच गेला असणार. मला तो आवाजसुद्धा आठवला. बहिणीला सांगितलंही, माझीच चूक म्हणून."

"मग ती बादली?" तिने विचारलं. "ती पडली होती का नव्हती?"

हे ती आम्हाला विचारत होती. खरोखर विचारत होती. मी टकटकरावांकडे बघितलं, तर ते टेबलाची कड धरून उभे होते.

"ते मला माहीत नाही, सिस्टर," ते म्हणाले. "मी तिथे नव्हतो. तुम्हीच तिथे होतात."

तिला नवं घर मिळायचं राहिलं होतं. तो शेरा वाचून दुसऱ्या घरमालकाने नकार दिला होता, आणि ती सध्या बहिणीकडे बैठकीच्या खोलीत झोपत होती. टकटकरावांनी तिथेच, कॅन्टीनच्या टेबलावर, स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं की चूक माझी आहे, मी दुसऱ्याच घरात गेलो होतो. त्याच्या तीन प्रती केल्या: एक तिला, एक जुन्या घरमालकाला, एक नकार देणाऱ्याला. नकार देणाऱ्याने पत्र वाचलं आणि सांगितलं की घर गेलं, काल दुसरे लोक आले. असं वेळेवर काही होत नाही. तिला घर मिळालं पुढे दोन महिन्यांनी, दुसऱ्या कुठल्या तरी ऑफिसमार्फत. आमच्याकडे ती परत आली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

साहेबांना हे पत्रप्रकरण आवडलं नव्हतं. "घोळ झाला तर शेरा काढून टाकायचा, विषय संपला. पत्रं कशाला वाटायची?" ते म्हणाले. टकटकरावांनी ऐकून घेतलं. पण त्यांची झोप उडाली होती. वहिनींनी मला फोन करून विचारलं, "ऑफिसात काही झालंय का? हे सारखे म्हणतात, कुणी हरकत घेतली नाही, कुणी हरकत घेतली नाही. मग चांगलंच आहे की. तोंड का असं करतात?"

मग ते दुपारच्या सुट्टीत जुने कागद काढून बसायला लागले. एकेका जुन्या भाडेकरूला फोन लावायचे. आधी नाव सांगायचे, मग विचारायचे, "तुम्ही घर सोडलंत तेव्हाची यादी आठवते का? त्यात काही चुकीचं होतं का?" लोक गडबडून जायचे. कुणाला वाटायचं, काहीतरी नवीन लफडं निघालं. एका माणसाने आधीच क्षमा मागितली आणि मग विचारलं की कशाबद्दल. पण काही जण थोडं थांबून सांगायचे. एक बाई म्हणाली, तो कपाटाचा आरसा आमच्या आधीपासूनच फुटलेला होता, पण तुम्ही एवढं नीट लिहिलं होतं, वाटलं आपलंच चुकत असेल. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, मला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं आणि चष्मा सामानात गेला होता, म्हणून केली सही. टकटकराव प्रत्येकाचं म्हणणं वहीत लिहून घ्यायचे. त्यातलं कुठलं खरं आणि कुठलं बादलीसारखं, हे ठरवायला आता काही मार्ग नव्हता. मी त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "मला ठरवायचं नाहीये. अकरा वर्षं मीच ठरवलं."

त्या पुढच्या जिन्याच्या घराची यादी नव्याने झाली. या वेळी वही चष्म्याच्या दुकानातल्या बाईंच्या हातात होती आणि टकटकराव मागे मागे फिरत होते. त्यांना दिसेल ते त्यांनी लिहायचं, मग टकटकरावांनी तपासायचं, आणि ज्यावर एकमत होणार नाही तिथे दोघांची मतं. सासूबाईंनीही एक कलम घालायला लावलं: "आतल्या खोलीचा दरवाजा रडतो." टकटकराव म्हणाले, करकरतो लिहूया. त्या म्हणाल्या, "तुम्हाला करकर ऐकू येत असेल. मला रडं ऐकू येतं." ते कलम तसंच राहिलं, मी तसंच टाइप केलं.

पुढे सगळ्या घरांना त्यांनी हीच पद्धत लावली. तासाच्या कामाला तीन तास लागायला लागले. हरकतीही यायला लागल्या, आणि हरकतींमुळे साहेबांच्या कपाळाला आठ्या. पण साहेबांनी त्यांना काढलं नाही; तेवढी लाज त्यांना होती. टकटकरावांनी डोक्याच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासूनही घेतलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. त्यांनी ते ऐकलं, पण पुरता विश्वास ठेवला असं मला कधी वाटलं नाही. एखाद्या घरात शिरण्याआधी ते उंबऱ्यावर थांबून दारावरची पाटी दोनदा वाचायचे आणि बरोबर कुणी असेल तर त्यालाही वाचायला लावायचे.

तशी दोन वर्षं काम करून ते निवृत्त झाले. त्यांची शेवटची यादी एका निवृत्त मोटारचालकाच्या घराची होती. ती माझ्याकडे टाइप करायला आली तेव्हा मी एका ओळीवर अडले. "आतली खोली, पूर्वेकडची भिंत: भाडेकरूच्या मते हिरवी, माझ्या मते निळी." खाली दोघांच्या सह्या. मी विचारलं, "काका, यात टाइप काय करू?"

"आहे तसंच," ते म्हणाले. "आम्ही दोघं पाऊण तास उभे होतो. दिवा लावून बघितली, विझवून बघितली. तो माणूस खोटं बोलत नव्हता, ताई. त्याला हिरवीच दिसत होती."

ते निवृत्त झाल्यावर त्यांचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच आठवड्यात मला त्या मोटारचालकाच्या घरात नळाच्या तक्रारीसाठी जावं लागलं. काम झाल्यावर मी आतल्या खोलीत डोकावले. भाडेकरू माझ्या मागे हात बांधून उभा होता, वाट बघत. मी भिंतीकडे बघितलं, खिडकीजवळ जाऊन बघितलं, मग दाराजवळून.

"काय वाटतं?" त्याने विचारलं.

मी त्याला खरं ते सांगितलं, की मला कळत नाही. त्याने मान डोलावली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.